गोडनिंबावरची खसखस

मागच्या वर्षी हौसेनं नर्सरीतून गुलाबाची पाच रोपं आणली आणि सांदवाडीत, म्हणजे परसात, लावली. मे महिन्यात आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात पारा 45 ला टेकला आणि पाचही रोपांच्या काड्या झाल्या. सासूबाईंनी एवढंच म्हटलं, "आपल्या सांदवाडीत थेच जगते, जे न बोलावता येते."

मृगाचा पाऊस झाला आणि न बोलावलेले सगळे आले. तरोटा, केना, आघाडा, एकदांडी. निंदायचा कंटाळा होता, म्हणून मी जाहीर केलं की यंदा आपण निरीक्षण करणार. आळसाला इतकं चांगलं नाव मला पूर्वी कधी सुचलं नव्हतं.

तरोट्याची कोवळी पानं आधी आमच्या भाजीत गेली. उरला तो कंबरेएवढा वाढला आणि श्रावणात त्याच्यावर लहान पिवळी फुलपाखरं घिरट्या घालू लागली. फुलांसाठी नव्हे, पानावर पोट टेकवून अंडं ठेवायचं आणि उडायचं. आघाडा जिवतीच्या पूजेपुरता तोडला, बाकी मुंग्यांना सोडला. एकदांडी मात्र मूळची अमेरिकेची, म्हणून ती उपटावी की ठेवावी असा मला प्रश्न पडला होता. मग आठवलं की मिरचीही तिकडचीच. विदर्भात राहून हा वाद न वाढवलेला बरा.

वांग्याच्या वाफ्याशी मी सकाळी बसायला लागले ते एका आवाजामुळे. टेबलावर कुणाचा तरी फोन व्हायब्रेटवर वाजावा तसा घुर्र, घुर्र. पाहिलं तर पोटावर निळसर पट्टे असलेली एक माशी फुलाला खालून लटकली होती. वांग्याच्या फुलात मधोमध जो पिवळा सुळका असतो, त्यात पराग बंद असतात. टोकाला फक्त बारीक भोकं, पावडरच्या डब्यासारखी. ही बाई त्याला मिठी मारते, पंख न फडफडवता सगळं अंग थरथरवते, आणि पराग तिच्या पोटावर सांडतात. मधमाशीला ही कला येत नाही. काळ्या भुंग्याला येते. तो आमच्या गोठ्याच्या वाशाला गोल भोक पाडून राहतो आणि खाली भुसा सांडतो, म्हणून सासूबाई त्या भोकात चिखल कोंबायला निघाल्या होत्या. मी त्यांना वांग्याची गोष्ट सांगितली. त्यांनी चिखलाचा गोळा हातातल्या हातात फिरवला, वाशाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वांगे देते म्हन्तं तं राहू दे मंग." भुंग्याला भाडं माफ झालं.

अळ्यांच्या बाबतीत त्या इतक्या उदार नव्हत्या.

ऑगस्टमध्ये गोडनिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, शेंड्यावर मला फिकट पिवळे दाणे दिसले, खसखशीएवढे. चार दिवसांनी पानांवर चिमणीची विष्ठा पडल्यासारखं वाटलं, काळपट, मधे पांढरा डाग. पुसायला गेले तर ती विष्ठा चालायला लागली. लिंबू-संत्र्यावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी हे सोंग घेते, म्हणजे पाखरं तोंड लावत नाहीत. मोठी झाली की सोंग टाकते आणि पानासारखी हिरवी होते. बोट लावलं तर मानेमागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि असा उग्र वास सोडते की आपणच मागे सरावं.

"अळ्या पोसून राह्यली का तू?" सासूबाईंनी विचारलं. "फोडणीले का टाकशीन?"

त्यांचं चुकत नव्हतं. वरुड-मोर्शीकडच्या संत्रावाल्यांच्या लेखी ही 'पाने खाणारी अळी', आणि तिच्यावर पंप चालतो. गंमत अशी, की 2015 साली महाराष्ट्रानं ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, तो नीलवंतही लिंबू-संत्र्याचीच पानं खाऊन मोठा होतो. मान फुलपाखराला, अळीला फवारा.

मी अकरा अळ्या मोजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नऊ. मग सातभाई पक्षी येऊन गेले, तेव्हा चार. सातभायांना मी अजून माफ केलेलं नाही. शेवटी एकच अळी कोषाला लागली. विजेच्या खांबावर लाइनमन पट्टा बांधून मागे रेलतो, तसा कंबरेला दोरा घेऊन तो हिरवा कोष काडीवर रेलला होता. त्या बाजूला कपडे वाळत घालायला मी सगळ्यांना बंदी केली. सासूबाई दात घासता घासता तिकडे एक नजर टाकत, पण मला दिसणार नाही अशी.

आठ-दहा दिवसांत फुलपाखरू निघायला हवं. बारावा दिवस गेला. कोष तांबूस पडला. पंधराव्या दिवशी सकाळी त्याला टाचणीनं टोचल्यासारखं भोक होतं आणि त्यातून मुंगीहून बारीक, चमकत्या माश्या एकामागून एक बाहेर येत होत्या. तेवीस मोजल्या आणि सोडून दिलं. कोष कोवळा असतानाच त्यांच्या आईनं आत अंडी घातली होती. आम्ही दोन आठवडे राखण केली ती हिच्या लेकरांची. मी तशीच उभी होते. सासूबाई जवळ आल्या, वाकून बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "पाहुना एक जेवाले बसवला, न् उठले तेवीस."

त्यानंतर मी आठवडाभर गोडनिंबाकडे फिरकले नाही. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात कढीला फोडणी द्यायची होती, तर सासूबाईच पानं आणायला गेल्या. बराच वेळ झाला तरी येईनात. तेल तापलं होतं. शेवटी आल्या तेव्हा हातात जेमतेम आठ-दहा पानं होती, तीही जून.

"कोवळी नाही मिळाली का हो आई?"

"हायेत ना. पन शेंड्यावर खसखस आहे."