काळजी लागणं आणि काळजी घेणं

इथे चीनच्या शांडोंग प्रांतात, छूफूला, कन्फ्यूशियसचं मंदिर पाहून लोक परत फिरतात. यान ह्वेइच्या मंदिराकडे फार थोडे वळतात. त्या आवारात एक जुनी विहीर आहे, कन्फ्यूशियसच्या या लाडक्या शिष्याच्या बोळाची म्हणून दाखवतात. टोपलीभर भात, तुंबाभर पाणी आणि तो अरुंद बोळ. दुसऱ्या कुणाला त्याचा घोर सोसवला नसता, यान ह्वेइचा आनंद मात्र ढळला नाही, असं गुरूच म्हणून गेले.

या घोराला मूळ चिनी शब्द ‘यौ’, म्हणजे काळजी. जुन्या लिपीत 15 रेघांचा, ऐन मध्यावर हृदयाचं चिन्ह. गंमत अशी, की गुरू स्वतःच्या चार ‘यौ’ही सांगतात: गुणांची मशागत होत नाही, शिकलेलं घोळलं जात नाही, योग्य ते कळूनही तिकडे पाऊल पडत नाही, चूक सुधारत नाही. गरिबी या यादीत नाही. आणि हेच गुरू एका शिष्याला सांगतात, सज्जनाला ना काळजी ना भीती. कारण? आत डोकावून पाहिलं आणि खोट सापडली नाही, तर भ्यायचं कशाला! म्हणजे निश्चिंती हे तपासणीचं फळ आहे. तपासणी टाळून ती मिळत नाही.

कन्फ्यूशियसच्याच परंपरेतल्या पुढच्या काळातल्या मेन्शियसने हे फार नेमकं केलं. सज्जनाला जन्मभराची ‘यौ’ असते, सकाळपुरतं ‘ह्वान’, म्हणजे मनस्ताप, नसतं. मराठीत हा फरक सहज कळतो: एक काळजी आपण घेतो, दुसरी आपल्याला लागते. (दोन्ही शब्द एरवी जोडीनेही येतात, ही फोड त्या उताऱ्यापुरतीच.)

त्याची रीतही त्याने दिली आहे. कुणी उर्मटपणे वागलं, तर आधी विचारायचं: माझ्यात माया कमी पडली का, रीतभात चुकली का? ते सुधारूनही तो तसाच वागला, तर: मी मनापासून वागलो का? तेही तपासून झालं आणि तरी फरक नाही, तर विषय सोडायचा. अशा माणसात आणि जनावरात फरक काय, मनाला कशाला लावून घ्यायचं? बिघडतं ते इथेच. कुणी थेट या तिसऱ्या पायरीवर उडी मारतो, त्याचा अहंकार पोसला जातो. कुणी पहिलीवरच वर्षानुवर्षं स्वतःला कुरतडत बसतो. दुसरा प्रकार भल्या माणसांत जास्त, आणि मेन्शियसला तो मुळीच अभिप्रेत नाही.

जन्मभराची काळजी तरी कसली? मेन्शियस म्हणतो: चिनी पुराकथांतला शुन राजा माणूस, मीही माणूस. तो जगाला आदर्श ठरला, मी अजून गावातला सामान्यच. मग करायचं काय? शुनसारखं वागायचं, एवढंच. रोजच्यासाठी कन्फ्यूशियसचा शिष्य त्झंगत्झ याचे तीन प्रश्न पुरतात: दुसऱ्याचं काम मनापासून केलं का? मित्राशी शब्द पाळला का? शिकवलेलं गिरवलं का?