जुम्मा मशिदीतलं तळं

पहिल्या खेपेला मी फाटकावरूनच परत आलो. मुंबईची जुम्मा मशीद बघायला ऐन शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी, दुपारी साडेबाराला, तेही हाफ पँटवर निघालो होतो, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. त्यात नाव बघून मशीद स्टेशनला उतरलो. ते नाव म्हणे या मशिदीचं नाहीच. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आपल्या सिनेगॉगलाही (प्रार्थनाघरालाही) मशीदच म्हणतात, आणि त्यांचं १७९६ सालचं सिनेगॉग त्या बाजूला आहे, त्यावरून पडलं असं सांगतात. सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटवरून शेख मेमन स्ट्रीटला वळणं सोपं.

पुढच्या मंगळवारी फुल पँट घालून अकराला गेलो. मशिदीला बाहेरून दुकानं इतकी चिकटलेली की कापडाच्या गाठी चुकवत दोन चकरा मारल्या तेव्हा फाटक दिसलं. आत कोणाला विचारायचं हेही ठाऊक नव्हतं. टोप्यांच्या टोपलीशेजारी एक चाचा बसले होते, त्यांना म्हटलं, "नुसतं बघायचंय, चालेल?"

"कुठचे तुम्ही?"

"दापोलीचे."

"मी बाणकोटचा. मग या की! चपला इथे काढा, टोपी घ्या. फोटो काढा, पण नमाज पढणाऱ्यांचे नको."

आत अंगण असेल अशी माझी समजूत होती. फाटकातून पुढे आलो तर समोर पाणीच. हिरवट, संथ, भोवती दगडी पायऱ्या. पायऱ्यांवर चारपाच जण वजू करत, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धूत बसलेले. एकाने कोपरापर्यंत हात धुतले, पाणी ठिबकलं, तशी खाली माशांची झुंबड उडाली. या पाण्याला तळाशी झरे आहेत. त्यातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर येतात आणि सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. सोळा मोजायला घेतल्या. अकरापर्यंत आलो आणि एक कासव वर आलं, मोजणी तिथेच राहिली. वरचा मजला पाहिला, लाकडी खांबांच्या रांगा चांगल्याच आहेत, पण माझं लक्ष पुन्हापुन्हा खाली जात होतं.

चाचा मागोमाग आले. ही जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची, गोवा-कालिकतच्या मालाचा त्याचा धंदा. मशिदीला जागा दिली ती एका अटीवर: तळं बुजवायचं नाही. म्हणून मशीद पाण्यावर बांधली.

"आणि म्हणून तिला जहाज म्हणतात. जहाज़-ए-आख़िरत, परलोकाचं जहाज. याच्यातच साल आहे. आमच्या लिपीत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, त्यांची बेरीज करायची. लिहा."

मी बिलाच्या पाठीवर लिहीत गेलो. जीम ३, हे ५, अलिफ १, झे ७: झाले १६. मग आख़िरत: अलिफ १, खे ६००, रे २००, ते ४००. एकूण १२१७. हिजरी १२१७ म्हणजे इसवी सन १८०२, मशीद पुरी झाली ते साल. आकडा जुळला तेव्हा हिशेब स्वतःच घातल्यासारखे चाचा खूश झाले.

सीएसएमटीच्या तिकीट खिडकीशी पोचलो तेव्हा लक्षात आलं, टोपी डोक्यावरच आहे. उलट पावली गेलो. जोहरची, दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती, तळ्याच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. टोपी टोपलीत टाकली. चाचा वजूच्या रांगेत होते, त्यांनी लांबूनच हात केला.