पाल्प्याच्या चढावर क्लच जळाला

ग्वाल्हेरहून पोखऱ्याला स्वतःच्या गाडीने जायचं तर कानपूर, लखनौ, गोरखपूर करत सोनौलीची सीमा गाठायची. पलीकडे नेपाळातल्या बेलहियाला गाडीचा भन्सार भरायचा, म्हणजे जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचं शुल्क. पावतीवर शेवटची तारीख असते. आम्हाला घाम फोडला तो त्या तारखेने. क्लच त्या मानाने सोपा निघाला.

परतताना रामदीला कालीगंडकीचा पूल ओलांडला आणि पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनचा चढ लागला. गाडीत पाच माणसं, वर कॅरियरवर सामान. आधी जळका वास आला. सासरे, म्हणजे बाबा, म्हणाले, "पुढच्या ट्रकचा असेल." थोड्या वेळाने रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलेना. हँडब्रेक ओढला, चाकांमागे दगड लावले, मागच्या वळणावर झाडाची फांदी टाकली.

रस्त्यावरच्या मदतीचा टोल फ्री नंबर तिथून लागेना, आणि ती मदत होती भारतापुरतीच. विम्यात नेपाळ मी निघण्यापूर्वीच वाढवून घेतलं होतं. थोडा जादा हप्ता भरला की भूतान, बांगलादेश, श्रीलंकाही त्यात येतात. पण ते संरक्षण अपघाताचं. झिजलेल्या क्लचचा त्याच्याशी संबंध नाही.

शेवटी एका पिकअपवाल्या दाइने (नेपाळीत दाइ म्हणजे दादा) टोचन करून तानसेनजवळच्या बर्तुंगपर्यंत न्यायचं कबूल केलं. नेपाळात भाव ठरवताना आधी विचारून घ्यावं, आयसी की एनसी? आयसी म्हणजे आपले रुपये, एनसी त्यांचे. आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १.६०, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. ओढून नेतानाही इंजिन चालू ठेवायचं, गाडी न्यूट्रलला. बंद केलं की ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग वळता वळत नाही. बायको मुलांना आणि बाबांना घेऊन मायक्रोबसने पुढे गेली, ते बरंच झालं. त्या वळणांवर माझं तोंड बघण्यासारखं नव्हतं.

बर्तुंगच्या मिस्त्रीने गाडी बघून सांगितलं, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेट बदलावा लागेल. मारुतीच्या गाड्या तिथे पुष्कळ, त्यामुळे माल खालच्या बुटवल शहरात मिळणार होता. पण तो दिवस शुक्रवार. नेपाळची साप्ताहिक सुट्टी शनिवारी. दुकानं उघडणार थेट रविवारी. आणि पावतीवरची तारीख रविवारचीच.

शनिवार मग तानसेनमध्ये काढला. खाली कालीगंडकीच्या काठी राणीमहाल आहे, खड्गशमशेर राणांनी पत्नी तेजकुमारींच्या आठवणीसाठी बांधलेला. हे खड्गशमशेर पुढे नेपाळ सोडून मध्य प्रदेशातल्या सागरला येऊन राहिले, आणि आपल्या ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे त्यांच्या मुलीची मुलगी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या मावशीला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "ते राहू दे रे, गाडीचं काय झालं?"

रविवारी पहाटेच्या बसने मी एकटा बेलहियाला गेलो. सोबत भन्सारची मूळ पावती, आरसी, लायसन्स, आणि मिस्त्रीकडून शिक्क्यासह लिहून घेतलेली चिठ्ठी: अमुक नंबरची गाडी दुरुस्तीला उभी आहे. ही चिठ्ठी कोणी मागायला सांगितली नव्हती, पण खिडकीवरच्या साहेबांनी सगळ्यात आधी तीच वाचली. मुदत संपायच्या आत आलात म्हणून नुसतं वाढीव दिवसांचं शुल्क, नाहीतर दंड पडला असता, असं ते म्हणाले. मी दोन दिवस वाढवून घेतले.

संध्याकाळी परत पोहोचलो तेव्हा गिअरबॉक्स अजून जमिनीवर होता. काम रात्री संपलं. बिल सोळा हजार एनसी, म्हणजे आपले दहा हजार. दुसऱ्या दिवशी दुपारीच आम्ही सोनौली ओलांडली. वाढवलेला एक दिवस वापरलाच नाही, आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. बाबांना हे अजून पटलेलं नाही.