माथेरानला मिनी ट्रेनने जायचं तर नेरळपासूनच

नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाका, तिथून चालत अमन लॉज स्टेशन आणि मग मिनी ट्रेनच्या शटलने माथेरान, बहुतेक जण असंच जातात. पोचता लवकर, पण मला विचाराल तर माथेरान स्टेशनचं सगळं महत्त्व खालच्या घाटात आहे, तो घाट बघितल्याशिवाय स्टेशन म्हणजे बाजारातलं एक छोटंसं टुमदार ठिकाण एवढंच वाटतं.

आम्ही नेरळवरून सकाळच्या गाडीने गेलो. रूळ फक्त दोन फुटांचे, अंतर 21 किलोमीटर आणि लागतात अडीच-पावणेतीन तास. एवढ्या अंतरात गाडी जवळजवळ पायथ्यापासून साधारण 800 मीटर उंचीवर जाते आणि बोगदा अख्ख्या मार्गावर एकच. म्हणजे डोंगर फोडत सरळ जायच्या ऐवजी त्याच्याच अंगाने वळसे घेत चढवलीय ही लाइन, काही ठिकाणी चढ 20 ला 1, म्हणजे 20 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. मुंबईचे उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्या काळचे 16 लाख रुपये, मुलगा अब्दुल हुसेन याने काम अंगावर घेतलं, 1904 ला सुरू होऊन 1907 मध्ये गाडी धावायला पण लागली. तीन वर्षांत! खिडकीतून ते दगडी बांध आणि कातळ बघताना हे सारखं डोक्यात येत होतं.

इंजिनांची गोष्ट तर मला फार आवडते. वळणं इतकी कडक की साध्या इंजिनाची चाकं रुळाला घासून अडकली असती, म्हणून जर्मनीहून वाफेची खास इंजिनं आणली ज्यांच्या चाकांचे पुढचे-मागचे आस वळणावर थोडे बाजूला सरकायचे. 1980 च्या दशकापर्यंत ती चालली, आता डिझेल आहे.

जुम्मापट्टी स्टेशन गेलं, वॉटर पाइप स्टेशन गेलं की दरी उघडते, खाली नेरळ आणि उल्हास नदीचा पट्टा, समोर पेबचा किल्ला. पॅनोरमा पॉइंटच्या डोंगराला गाडी वळसा घालते तो भाग सगळ्यात भारी. डावी की उजवी खिडकी यावरून भांडू नका, दरी कधी या बाजूला कधी त्या बाजूला येते.

वरचं स्टेशन भर बाजारात, उतरलं की लाल माती आणि घोडे. गावात मोटारींना बंदी असल्यामुळे शिट्टी लांबपर्यंत ऐकू येते.

आता जाणाऱ्यांसाठी. फेऱ्या मोजक्याच असतात आणि जागा कमी, वीकेंडला काउंटरवर बरंच आधी रांग लावा. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, 2005 च्या पुरात आणि परत 2019 ला रूळ वाहून गेले होते आणि दुसऱ्या वेळी पूर्ण मार्ग 2022 च्या ऑक्टोबरलाच सुरू झाला, त्यामुळे पाऊस संपल्यावर वेळापत्रक बघूनच निघा. शटल मात्र पावसाळ्यात पण असते. सामान कमी, माकडांमुळे खाऊ पिशवीत बंद, आणि प्रवेश कर द्यायला थोडी रोख जवळ ठेवा. येताना अमन लॉजपर्यंत रुळांच्या कडेच्या वाटेने चालत या, झाडांची सावली आहे, पाऊण तास पुरतो. कड्यावरचा गणपती बघायचा असेल तर तो नेरळच्या बाजूला रुळांजवळ आहे, त्याला वेगळा अर्धा दिवस काढा आणि पांढरे शूज घालू नका.