सॉफ्टवेअर निवडलं ऑफिसने, पास केलं साईटवरच्या मामांनी

बाणेरच्या एका फ्लॅटमध्ये आमच्या सुताराने झकास वॉर्डरोब उभा केला आणि एसीचा पॉइंट त्याच्या मागे गाडला गेला. ड्रॉइंग बदललं होतं, ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलंही होतं. पण त्याचं नाव 'फायनल नवीन २', आधीच्याचं 'फायनल नवीन', आणि मधे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांची रांग. सुताराने जुनं उघडलं. वॉर्डरोब खोलून परत लावायचा खर्च अर्थात आमच्या खिशातून.

आम्ही नऊ जण. कोथरूडला ऑफिस, घरांच्या इंटिरिअरची कामं घेतो, एका वेळी पाच-सहा साईट चालू. सगळा कारभार एक्सेल आणि ग्रुपवर. वॉर्डरोबनंतर ठरलं, बास, आता साईटच्या कामांचा माग ठेवणारं नीट सॉफ्टवेअर घ्यायचं.

पहिल्यांदा निवडलं ते ऑफिसात बसून. मी एक तक्ता केला, बावीस रकान्यांचा: गँट चार्ट आहे का, रिपोर्ट किती, तास मोजता येतात का. माझ्या पार्टनरचा जीव गँटवर. आडव्या पट्ट्यांचा तो तक्ता हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरने शंभरेक वर्षांपूर्वी रूढ केला, आणि आजही क्लायंटसमोर मांडला की रुबाब पडतो. ज्याला सर्वांत जास्त टिकमार्क मिळाले ते आम्ही वर्षाचे पैसे आगाऊ भरून घेतलं, कारण तसं स्वस्त पडत होतं. दर माणशी, दरमहा, डॉलरमध्ये. आकडा लहान दिसतो. त्याला नऊने गुणा, बाराने गुणा, रुपयांत करा, वर १८ टक्के जीएसटी लावा, मग कळतं. नाव सांगत नाही. त्याचा दोष नव्हताच. सहा आठवड्यांत ते फक्त मी आणि पार्टनर उघडत होतो.

कारण कळलं वाकडच्या साईटवर. आमचे सुपरवायझर, त्यांना सगळेच मामा म्हणतात, हात पुट्टीने पांढरे. त्यांना म्हटलं, छताचा फोटो टाका बघू माझ्यासमोर. मी प्लायच्या थप्पीवर बसून मोजत होते. अकरा वेळा बोट लावावं लागलं. मधे प्रायॉरिटी विचारली, अंदाजे तास विचारले, आणि एकदा नेटवर्क गेलं. "ताई," मामा म्हणाले, "हे भरेपर्यंत पेंटर चहा पिऊन येतो."

माहिती भरणार मामा आणि टिकमार्क देणारी मी. सगळा घोळ इथे होता.

दुसऱ्या खेपेला आधी कागद घेतला. एक घर पहिल्या दिवसापासून चावी देईपर्यंत कसं जातं, ते मामांकडून लिहून घेतलं: तोडफोड, प्लंबिंग, झिरी मारून वायरिंग, पीओपी, सुतारकाम, पुट्टी-रंग, फिटिंग, साफसफाई. नऊ वर्षं हे काम करतोय आणि सलग एका कागदावर हे कधी लिहिलंच नव्हतं! मग तीन सॉफ्टवेअरमध्ये तोच एक खरा फ्लॅट भरला आणि प्रत्येकाला दोन आठवडे दिले. डेमो बघितले नाहीत. डेमोतली साईट नेहमी वेळेवर पूर्ण होते.

जिरा नावाच्या सॉफ्टवेअरचा विचार आधीच सोडला होता. २००२ मध्ये आलेलं ते मुळात सॉफ्टवेअरवाल्यांचं, प्रोग्राममधल्या चुकांचा माग ठेवणारं. त्याचं नाव 'गोजिरा'वरून आलंय, म्हणजे जपानी गॉडझिला. आपल्याकडे बाळ गोजिरं असतं, त्यांच्याकडे राक्षस. असो.

त्या तिघांपैकी झोहो प्रोजेक्ट्स पार्टनरला पटलं: चेन्नईची कंपनी, रुपयांत बिल आणि लाडका गँट. असाना मला आवडलं, ऑफिसच्या कामांची यादी त्यात फार सुटसुटीत दिसते. ट्रेलो मात्र मामांनी कुणाला न विचारता चालवलं. एक बोर्ड, त्यावर उभ्या याद्या, यादीत कार्ड. काम पुढे सरकलं की कार्ड बोटाने पुढच्या यादीत ढकलायचं. टोयोटाच्या कारखान्यात कानबानची, म्हणजे पुढे काय हवंय ते सांगणारी, कार्डं फिरायची, त्याच घराण्यातलं हे. मामांना टोयोटाशी घेणंदेणं नाही. ते म्हणाले, "हा तर दवाखान्यातला केसपेपर. पेशंट जाईल तिकडे कागद जातो." रेंज नसलेल्या पार्किंगमध्येही कार्डावर लिहिता येतं, रेंज आली की ते आपोआप चढतं. विषय संपला.

ट्रेलोच्या मोफत प्लॅनमध्ये एका वर्कस्पेसला, म्हणजे आमचे सगळे बोर्ड असतात त्या जागेला, दहाच माणसं चालतात. आम्ही नऊ, दहावे सुतारकामाचे ठेकेदार. फाईलची मर्यादा १० एमबी, आमची ड्रॉइंग त्याहून जड. म्हणून ती गूगल ड्राइव्हवर, कार्डात फक्त लिंक, आणि नवीन ड्रॉइंग आलं की जुनं त्याच मिनिटाला 'रद्द' फोल्डरमध्ये. खरं सांगायचं तर वॉर्डरोबचा घोळ या 'रद्द' फोल्डरने थांबवला. तो आम्ही फुकटात कधीही करू शकलो असतो. जुन्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडताना यादी एक्सेलला निघाली, पण फोटो एकेक करून उतरवावे लागले. ते घेण्याआधी विचारायला हवं होतं.

पार्टनर अजून गँट एक्सेलमध्ये काढतो. काढू दे. ठेकेदार कार्ड फक्त वाचतात, उत्तर व्हॉइस मेसेजने देतात आणि मामा ते टाइप करतात.

तिसऱ्या महिन्यात मामांनी स्वतःच एक यादी वाढवली: 'क्लायंटकडे अडकलंय'. तोवर उशीर झाला की आम्ही सुताराला झापायचो. आता दिसतं की लॅमिनेटचा नंबर कळवायला क्लायंटलाच बारा दिवस लागलेत. आज सकाळी त्या यादीत चार कार्डं आहेत, त्यातली तीन एकाच घराची. हँडल, आरसा, देवघराचा रंग. फोन मला करायचाय.