अर्धी बादली

"ताई, याला पळायला लावू नका. पडतो तो."

पहिल्या दिवशी आजोबांनी मला हे सांगितलं, आणि पुढचे दोन महिने रोज सकाळी नातवाचा हात माझ्या हातात देताना ते हेच सांगत राहिले.

आणि तो खरंच पडायचा. सव्वाचार वर्षांचा मुलगा, वाटेत काहीही नसताना सपाट फरशीवर पडायचा. पळताना दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट आवळलेली असायची. दारातून आत येताना चौकटीला खांदा लागायचाच. चेंडू टाकला की डोळे मिटून मान फिरवायचा. जिना उतरताना एका पायरीवर दोन्ही पाय टेकवल्याशिवाय पुढच्या पायरीला हात नाही, म्हणजे पाय नाही. या वयाची बरीच मुलं एकाआड एक पाय टाकत उतरू लागलेली असतात.

'धांदरट' हा शब्द मी वर्गात कुणालाही वापरू देत नाही. पण घरी तो त्याच्या कानावर पडलेला होता. एकदा पडल्यावर मी उचलायला गेले तर माझ्याआधी तोच म्हणाला, "मी धांदरट आहे ना." चार वर्षांच्या मुलाच्या तोंडून हे ऐकवत नाही.

मी त्याच्या आईबाबांना आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं होतं. शरीराची एकच बाजू सतत मागे पडत असेल किंवा आधी जमणारी गोष्ट जमेनाशी झाली असेल, तर खेळून सुटेल म्हणत थांबू नये, याबाबत मी फार आग्रही आहे. त्याच्या बाबतीत तसं काही नव्हतं. नजर, कान, स्नायूंची ताकद, सगळं ठीक निघालं. हालचालींचा मेळ न बसण्याच्या (समन्वयाच्या) विकाराचं निदान सहसा पाच वर्षांच्या आत करत नाहीत, तेव्हा भरपूर खेळू द्या आणि वर्षभराने पुन्हा दाखवा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

भरपूर खेळू द्या. मी काय केलं, तर त्याला रोज दहा मिनिटं बाजूला घेऊन फरशीवरच्या खडूच्या रेघेवरून चालायला लावलं. "हात पसर, समोर बघ, सावकाश." तो सांगितलं तसं करायचा, पण लाकडासारखा ताठ होऊन. तिसऱ्या आठवड्यात खडू हातात घेतला की तो माझ्याकडे पाठ करून बसू लागला. बाकीची मुलं खेळत असताना आपल्याला वेगळं काढतात, हे त्याला बरोबर कळलं होतं. मला ते कळायला तीन आठवडे लागले, याचं अजून वाईट वाटतं.

त्या दिवशी बागेतला पाइप फुटला. कुंड्यांना पाणी घालायचं राहिलं होतं म्हणून मी नळाखाली बादली लावली आणि मुलांच्या दोन छोट्या बादल्याही काढून ठेवल्या. कुणालाही बोलावलं नव्हतं. तोच आला. छोटी बादली उचलून नळाखाली धरली आणि भरेपर्यंत बघत राहिला. काठोकाठ भरलेली त्याला उचलेना, तेव्हा मी निम्मं पाणी ओतून दिलं आणि म्हटलं, "ती शेवटची कुंडी बघ, पार सुकलीय."

नळापासून ती कुंडी माझ्या पंचवीसेक पावलांवर. मध्ये एक उंबरा, एक पालथं घातलेलं स्टूल आणि वाळूच्या हौदाची कड. मी मागोमाग निघणार होते, पण दुसऱ्या मुलीचा फ्रॉक झुडपाला अडकला आणि मी तिकडे वळले. नाहीतर मी नक्की त्याचा दंड धरला असता.

वळून पाहिलं तेव्हा तो उंबऱ्यापाशी थांबला होता. बादली दोन्ही हातांनी पुढे धरलेली, ती गुडघ्यांवर आपटत होती आणि पाणी पायांवर सांडत होतं. त्याने बादली खाली ठेवली. उंबरा ओलांडला. मग पलीकडून वाकून ती उचलली, या वेळी एकाच हाताने. चार पावलं गेला असेल, आणि त्याचा डावा हात अंगापासून सुटला. हळूहळू बाजूला वर आला आणि तिथेच राहिला. उजवीकडे वजन, डावीकडे पसरलेला हात. तीन आठवडे "हात पसर" म्हणून मी जे सांगत होते, ते अर्ध्या बादलीने चार पावलांत करून घेतलं.

तो त्या दिवशी नऊ खेपा करून आला. स्टुलाला स्वतःहून वळसा घातला. पाणी हिंदकळलं की वेग कमी करायचा, पाणी शांत झालं की पुन्हा चालायचा. एकदाच अडखळला, आणि तो बादली भरलेली असताना नाही, तर रिकामी घेऊन परत येताना. ते पाहून मी जागीच थांबले.

आपले हातपाय कुठे आहेत हे कळायला बघावं लागत नाही, कारण सांध्यांमधून आणि स्नायूंमधून मेंदूला सतत खबर जात असते. आतल्या कानातून तोलाची खबर जाते, डोळ्यांतून जागेची. काही मुलांना यातली एखादी खबर अंधूक मिळते. ओझं उचललं, काही ढकललं, ओढलं, चढलं की स्नायूंना जोर लावावा लागतो आणि ती खबर ठळक होते. पुस्तकांमधून हे मला माहीत होतं. पण भरलेल्या बादलीने सरळ चालणारा आणि रिकामीने अडखळणारा तोच मुलगा एका सकाळी समोर दिसणं वेगळं. शिवाय पाणी त्याला त्याची चूक लगेच दाखवत होतं, आणि रागावत नव्हतं. आणि कुंडी खरोखर सुकलेली होती. माझ्या खडूच्या रेघेच्या टोकाला काय होतं? काहीच नव्हतं.

दुपारी आजोबा न्यायला आले तेव्हा तो भिजलेलाच होता. मी घडलेलं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "पडला नाही?"

"एकदा अडखळला."

"मी मोजतो, ताई. परवा घरी पाच वेळा पडला." सांगताना त्यांचा आवाज कापत होता. हा माणूस हट्टी नव्हता, घाबरलेला होता. नातवाला हनुवटीवर टाके पडले होते तेव्हा तो त्यांच्याच हातातून सुटला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

मी त्यांना मानसशास्त्रज्ञ कॅरन अडॉल्फ यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना त्यांची पावलं मोजली होती. तासाला सरासरी २,३६८ पावलं, आणि १७ वेळा पडणं. "चालायला असं शिकतात आजोबा. याला त्या वयात पडायला मिळालं का?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन वर्षांचा होईपर्यंत आम्ही याला खाली ठेवलंच नाही."

मग आम्ही दोघं जिन्यापाशी गेलो. ते नातवाचा हात वर ओढून धरत, त्याच्या डोक्याच्याही वर. असा हात धरला की मुलाचं निम्मं वजन आपल्या हाताला टांगलेलं राहतं, त्याचा तोल त्याला सांभाळावाच लागत नाही. मी म्हटलं, तुम्ही एक पायरी खाली उभे राहा आणि त्याच्या कमरेच्या उंचीवर फक्त एक बोट पुढे करा. हवं तेव्हा तो धरेल. त्या दिवशी त्याने ते सगळ्या पायऱ्यांवर धरलं. चालतं.

खडू मी कपाटात ठेवला. वाळूची पोती इकडून तिकडे नेणं, ओल्या मातीचे गोळे थापणं, खुर्च्या ढकलून गाडी करणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, ही कामं त्याच्याकडे आली, आणि सगळ्यांबरोबर आली. जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल सांगते, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी. माझी दहा मिनिटं त्यात कुठे पुरणार होती?

चेंडूचंही तसंच झालं. मान फिरवणं ही भीती असते, आणि या वयात ती बऱ्याच मुलांना वाटते, कारण चेंडू डोळ्यांना उमगायच्या आत तोंडावर येतो. मी फुगा घेतला. फुगा सावकाश उतरतो, तो कुठे येणार हे पाहून तिथे जायला वेळ मिळतो, आणि लागला तरी दुखत नाही. पहिल्या दिवशी त्याने फुगा नुसता बघितला, पण डोळे उघडे ठेवून. आठवड्याभराने तो त्याला तळहाताने वर उडवत अंगणभर फिरत होता, मान वर, पाय आपोआप मागे-पुढे. कापडी चेंडू खूप नंतर आला. तो अजूनही छातीशी कवटाळूनच झेलतो, आणि मला त्याची घाई नाही.

गेल्या आठवड्यात आजोबा जरा लवकर आले आणि फाटकाजवळच्या बाकावर बसले. तो फुग्यामागे पळत होता आणि हौदाच्या कडेला अडकून पडला. या वेळी दोन्ही तळहात आधी टेकले, हनुवटी वर राहिली. आजोबा बाकावरून अर्धे उठले. त्याने तळहात उलटे करून पाहिले, चड्डीला पुसले आणि फुगा कुठे गेला ते शोधू लागला.

आजोबा पुन्हा बसले. हात मात्र त्यांनी बाकाच्या कडेला घट्ट धरून ठेवले होते.