गुडघा बरा वाटतो तेव्हा ग्राफ्ट कच्चा असतो

फुटबॉलच्या सराव सामन्याच्या अखेरीस प्रतिस्पर्ध्याला अडवण्यासाठी मी धावता धावता एकदम थांबले आणि उजवा पाय रोवून डावीकडे वळले. त्या क्षणी माझ्या आसपास कोणीही नव्हते. गुडघ्यात टक्‌ असा आवाज झाला, वरचे हाड खालच्या हाडावरून सरकल्यासारखे वाटले आणि मी खाली कोसळले. वेदना काही मिनिटांत ओसरली, म्हणून मी पुन्हा खेळू लागले. पण पहिल्याच वळणावर गुडघा सटकला आणि दोन-तीन तासांत टम्म सुजला. इतक्या लवकर चढणारी सूज बहुधा सांध्यात रक्त साठल्याची खूण असते, हे मला नंतर समजले. प्रत्येक खेळाडूला हे ठाऊक असायलाच हवे, कारण साधी लचक समजून खेळत राहिल्यास सटकणाऱ्या गुडघ्यातील मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली गादीही फाटू शकते.

डॉक्टरांनी गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहिली, तेव्हाच त्यांना शंका आली होती. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतील पुढचे लिगामेंट (दोन हाडांना जोडणारा बंध), पूर्ण तुटल्याचे निश्चित झाले. कोणाचा धक्काही लागला नसताना ते कसे तुटले, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. फुटबॉलमधील या दुखापती बहुतांश वेळा गुडघ्यावर थेट आघात न होताच घडतात: अचानक थांबताना, दिशा बदलताना किंवा उडी मारून एका पायावर उतरताना जवळजवळ सरळ असलेला गुडघा आतल्या बाजूला झुकतो आणि सारा भार त्या लिगामेंटवर येतो. महिला खेळाडूंमध्ये हा धोका पुरुषांपेक्षा अधिक असतो.

शस्त्रक्रिया सर्वांनाच लागते असे नाही. काहींचा गुडघा केवळ व्यायामाने स्थिर होतो. माझा गुडघा जिने उतरतानाही सटकत होता आणि मला खेळात परतायचे होते, म्हणून मी शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. मात्र सूज उतरून पाय पूर्ण सरळ होईपर्यंत आम्ही काही आठवडे थांबलो. आखडलेल्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केल्यास तो पुढेही आखडलेला राहण्याची भीती असते. नंतर त्याच पायाच्या मांडीमागील हॅमस्ट्रिंगचा स्नायुबंध काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवण्यात आला; यालाच ग्राफ्ट म्हणतात.

पहिल्या आठवड्यांत मला सर्वाधिक हादरवले ते मांडीच्या पुढच्या स्नायूने. मी पाय ताठ करू पाहत होते आणि क्वाड्रिसेप्स हलतही नव्हता. सांध्याला सूज असली की मज्जासंस्थाच त्या स्नायूला मिळणारे संदेश दडपते, असे फिजिओथेरपिस्टने समजावले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ करणे आणि मांडी आवळून धरणे, एवढेच मी दिवसातून अनेकदा करत होते. दिसायला क्षुल्लक वाटणाऱ्या या व्यायामाला मी आजही संपूर्ण प्रक्रियेचा पाया मानते.

खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लागली. सूज नव्हती, वेदना नव्हती, सरळ रेषेत हलके धावताही येत होते आणि मला वाटत होते की मी बरी झाले आहे. फिजिओथेरपिस्टने मात्र चेंडूला हात लावण्याआधी मला ग्राफ्टची गोष्ट सांगितली. बसवलेल्या स्नायुबंधाचा मूळ रक्तपुरवठा तुटलेला असतो, त्यातील जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या व पेशी आत शिरतात आणि त्या पुनर्रचनेत तो काही काळ बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर असतो. ही पुनर्रचना शस्त्रक्रियेनंतर अनेक महिने चालते. गुडघ्याला होणारी जाणीव आणि ग्राफ्टची ताकद यांचा मेळ त्या काळात बसत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खेळात परतणे नऊ महिन्यांपर्यंत लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. तो आकडा ऐकल्यावर मी घाई सोडली.

नऊ महिन्यांनंतरही केवळ कॅलेंडर पाहून परवानगी मिळाली नाही. मांडीची ताकद आणि एका पायावरील उड्यांचे अंतर दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असणे आवश्यक होते. पहिल्या चाचणीत माझे क्वाड्रिसेप्स कमी पडले आणि आणखी सहा आठवडे मी वजनांचे व्यायाम केले. मनातली भीतीही मोजमापाचा भाग होती, हे मला योग्य वाटले, कारण त्याच कोनात वळायचे म्हटले की माझे पाऊल आखडत असे.

दुखापतीपूर्वी आमच्या संघाचा वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या आणि थोडे ताण देणे. 'फिफा ११+' हा दुखापती टाळण्यासाठीचा वीस मिनिटांचा वॉर्मअप कार्यक्रम मी कधी गांभीर्याने घेतला नव्हता. त्यात धावण्यासोबत प्लँक, हॅमस्ट्रिंगचे व्यायाम, एका पायावरचा तोल, उड्या आणि वळण्याचा सराव असतो आणि गुडघा आत झुकू न देता उतरण्याची सवय लागते. नॉर्वेतील किशोरवयीन मुलींच्या संघांवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या कार्यक्रमाने गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आणल्या होत्या. पण तो आठवड्यातून किमान दोनदा, सातत्याने करावा लागतो. हंगामाच्या सुरुवातीचे चार दिवस केल्याने काही साधत नाही.

अकराव्या महिन्यात मी पहिला सामना खेळले, तोही शेवटची पंधरा मिनिटे. एकदा एसीएल तुटलेल्या खेळाडूच्या दुसऱ्या गुडघ्यालाही धोका राहतो, म्हणून माझे व्यायाम आता दोन्ही पायांसाठी सारखेच असतात. सरावाच्या आधी मी वीस मिनिटे लवकर पोहोचते; गेल्या काही महिन्यांपासून संघातील धाकट्या मुलीही माझ्यासोबत एका पायावर उभ्या असतात आणि त्यांचे गुडघे आत झुकतात का, याकडे मी डोळ्यांत तेल घालून पाहते.